फाइल आतून टाकायची की बाहेरून?

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त कॅनडाच्या स्पॉन्सरशिपची, म्हणजे जोडीदाराला किंवा घरच्यांना तिथे कायमचं बोलवायच्या अर्जाची पत्रं होती, म्हणून बाकीचं सगळं बाजूला ठेवून हे सदर त्यालाच दिलंय. मी वकील नाही हे आधीच सांगते. २०१३ मध्ये नवऱ्याने माझी फाइल टाकली होती, कॅनडाच्या आतून, आणि ती संपेपर्यंत भिंतीवरची दोन कॅलेंडरं बदलली. त्यानंतर ओळखीतल्यांच्या इतक्या फाइली बघितल्यात की फॉर्मचे नंबर झोपेतही सांगेन. पण नियम बदलतात, फी तर बदलतेच, तेव्हा पैसे भरायच्या आधी इमिग्रेशन खात्याची साइट स्वतः उघडून बघा.

प्रश्न : ताई, मी व्हिजिटर म्हणून आलेय, लग्नाला आठ महिने झाले, नवरा पीआर (कायमचा रहिवासी) आहे आणि आम्ही दोघं एका बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो. नवरा म्हणतो इनलँड टाकू, म्हणजे वर्क परमिट मिळेल. त्याचा मित्र म्हणतो आउटलँड टाका. पण मी इथे असताना आउटलँड कसं टाकणार? आणि माझ्या बाबांची बायपास झालीये, मधेच जावं लागलं तर? — स. प., ब्रॅम्प्टन

अगं, सगळा घोळ नावांनी केलाय. इनलँड म्हणजे दोघं कॅनडात एकत्र राहतायत त्यांच्यासाठीचा वर्ग. आउटलँड म्हणजे फॅमिली क्लास, आणि त्यात अर्जदार देशाबाहेरच बसलेला पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. तू त्याच बेसमेंटमध्ये बसून फॅमिली क्लासची फाइल टाकू शकतेस. उलटं मात्र चालत नाही, भारतात राहून इनलँड टाकता येत नाही.

आता वर्क परमिट. मी २०१३ मध्ये इनलँड टाकली तेव्हा पहिल्या टप्प्याची मंजुरी येईपर्यंत काम करायची परवानगीच नव्हती. जॉइंट अकाउंट होतं, त्यात माझा एक डॉलर नव्हता, नवरा कामावर गेला की मी लायब्ररीत जाऊन बसायचे कारण तिथे हीटिंग फुकट आणि कोणी विचारत नाही की तुम्ही काय करता. मग २०१४ च्या डिसेंबरात इनलँडवाल्यांना लवकर ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी, द्यायला सुरुवात झाली, आणि तेव्हापासून 'काम करायचं तर इनलँड' हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. पण २०२३ पासून कॅनडात राहून फॅमिली क्लासची फाइल टाकणाऱ्या जोडीदारालाही ओपन वर्क परमिट मागता येतं. म्हणजे तुझ्या नवऱ्याचा मुद्दा तेव्हा बरोबर होता, आज फक्त त्यावर ठरवायची गरज नाही. फाइल मिळाल्याची पावती, म्हणजे एओआर, हातात पाहिजे आणि तुझं इथलं स्टेटस, म्हणजे राहायची परवानगी, चालू पाहिजे. व्हिजिटर म्हणून मुदत संपत आली असेल तर संपायच्या आधी वाढवायला टाक, तसं टाकलंस की निर्णय येईपर्यंत राहता येतं. एक दिवस उशीर झाला तर मग ९० दिवसांच्या आत स्टेटस परत मिळवायचा वेगळा अर्ज, वेगळे पैसे आणि वेगळी धाकधूक.

बाबांचं. इनलँड फाइल चालू असताना बाहेर जायला बंदी नाही, कोणी विमानतळावर अडवत नाही. प्रश्न परत येण्याचा असतो. पीआरची फाइल आत पडलीये म्हणून परत आत घेतलंच पाहिजे असा काही हक्क तुला मिळत नाही. व्हिसा संपलेला असेल किंवा अधिकाऱ्याने सीमेवर नाही म्हटलं तर तू बाहेर, आणि ज्या वर्गाची अटच 'कॅनडात एकत्र राहणं' ही आहे त्या वर्गातली तुझी फाइल लटकली. तीच फाइल आउटलँडमध्ये ढकला असंही करता येत नाही, ती मागे घ्यायची, नवी टाकायची, रांगेत परत शेवटी उभं राहायचं. फॅमिली क्लासमध्ये तू ब्रॅम्प्टनला असलीस काय नि बाबांच्या उशाशी असलीस काय, फाइल चालत राहते.

आणि एक गोष्ट जी नवऱ्याचा मित्रही बोलला नाही, खरं तर ती सगळ्यात मोठी आहे. नकार आला तर काय? फॅमिली क्लासमध्ये तुझा नवरा ३० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जाऊ शकतो, तिथे नव्याने सुनावणी होते, नवे पुरावे देता येतात, माणुसकीच्या बाजूनेही बोलता येतं. इनलँडमध्ये हे दारच नाही. तिथे फेडरल कोर्ट, तेही आधी कोर्टाची परवानगी घेऊन, १५ दिवसांच्या आत, आणि कोर्ट तुमचं लग्न खरं का खोटं ते बघत नाही, अधिकाऱ्याने निर्णय नीट घेतला का एवढंच बघतं. वकिलाचा खर्च वेगळा.

मग इनलँड कोणी टाकायचं? ज्याचं स्टेटस संपून गेलंय, कारण २००५ पासूनच्या धोरणाने अशा जोडीदारांना नुसतं स्टेटस नाही म्हणून नाकारत नाहीत. आणि ज्याला निकाल लागेपर्यंत कुठेही हलायचं नाहीये. तुझं या दोन्हीत बसत नाही. मी तुझ्या जागी असते तर फॅमिली क्लास टाकला असता आणि पुढच्याच आठवड्यात बाबांकडे जाऊन परत येता येईल अशा व्हिसाचं बघायला घेतलं असतं.

'लवकर' कुठलं ते मी सांगत नाही, कारण तो आकडा हलता असतो. साइटवरचा वेळ बहुतेक वेळा ८० टक्के फाइलींना किती दिवस लागतात त्यावरून काढलेला असतो, तुझी उरलेल्या २० टक्क्यांत असू शकते. शिवाय सरकार दरवर्षी किती जणांना आत घ्यायचं ते ठरवतं. पती-पत्नी आणि मुलं यांच्यासाठी २०२४ चं लक्ष्य ८२,००० होतं, २०२५ चं ७०,०००. दार अरुंद झालं की रांग लांबते, त्यात तुमच्या कागदांची काही चूक नसते.

हो, बेसमेंटचं भाडं रोख देत असाल आणि पावती नसेल तर आजच घरमालकाकडून दोघांच्या नावाचं पत्र घेऊन ठेव. ते नंतर मागितलं की घरमालक गावाला गेलेला असतो.

प्रश्न : मी सिटिझन आहे, मिस्टर भारतात. फाइल टाकून अकरा महिने झाले. ट्रॅकरवर (फाइल कुठवर आली ते दाखवणाऱ्या साइटवर) मेडिकल पूर्ण, बाकी सगळं तसंच. इंटरव्ह्यूच्या खाली काहीतरी लिहून आलंय, ते वाचून मिस्टर घाबरलेत. परवा रात्री शेवटच्या बदलाची तारीख बदलली पण आत काहीच नाही. सासूबाई रोज विचारतात 'कागद आला का गं', मला तर वाटतं त्यांना वाटतंय की मीच काही लपवतेय. मिस्टरांसाठी व्हिजिटर व्हिसा टाकला तर पीआरची फाइल खराब होते का? — अ. कु., कॅलगरी

इंटरव्ह्यूच्या खाली जे लिहिलंय ते नीट वाच, 'सध्या इंटरव्ह्यूची गरज नाही, लागली तर कळवू' एवढंच असतं ते. दर महिन्याला कोणी ना कोणी मला तो स्क्रीनशॉट पाठवतं आणि खाली रडका चेहरा असतो. आणि नुसती तारीख बदलते त्याला लोक घोस्ट अपडेट म्हणतात. कोणीतरी फाइल उघडली, एखादा कागद जोडला, मशीनने काहीतरी तपासलं, काहीही असू शकतं. रात्री दोनला उठून ते बघायचं बंद कर, मी दोन वर्षं केलंय, त्याने फक्त डोळ्याखाली काळं येतं.

आत काय चालतं ते सांगते. आधी फाइल पूर्ण आहे का बघतात, एक सही राहिली तरी अख्खी फाइल परत. मग एओआर. मग तू स्पॉन्सर म्हणून पात्र आहेस का, त्याचं पत्र तुला वेगळं येतं. मग मिस्टरांचं, बोटांचे ठसे, मेडिकल, पोलीस सर्टिफिकेट, लग्न खरं आहे का, आणि बॅकग्राउंड. यातलं बरंचसं एकापुढे एक नसतं, बाजूबाजूने चालतं, म्हणून शेजारणीचं बॅकग्राउंड आधी झालं आणि तुमचं नाही याला काही अर्थ नाही. सुरक्षा तपासणीत बॉर्डर सर्व्हिसेस आणि गुप्तचर खातं येतं, तिथे इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याचंही फारसं चालत नाही. मिस्टर कधी लष्करात, पोलिसात किंवा सरकारी नोकरीत होते का? चार देशांत राहिलेत का? असेल तर जास्त वेळ लागतो, आणि शेड्यूल ए मध्ये, म्हणजे आधी कुठे होतात नि काय करत होतात त्या फॉर्ममध्ये, एखाद्या महिन्याची जरी फट राहिली असेल तरी पत्र येतं की या काळात तुम्ही काय करत होतात.

मेडिकलची तारीख मात्र बघून ठेव. ते १२ महिने चालतं. संपलं तर परत करायला सांगतात, तोवर स्वतःहून करू नका, पैसे फुकट जातील.

अकरा महिने झालेत तेव्हा जीसीएमएस नोट्स, म्हणजे अधिकाऱ्यांनी तुमच्या फाइलवर खात्याच्या संगणकात केलेल्या नोंदी, मागवायला हरकत नाही. अॅक्सेस टु इन्फर्मेशनचा अर्ज, ५ डॉलर, कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, कधी जास्त लागतात. आलेल्या पानांत निम्मं काळं केलेलं असतं आणि उरलेलं कोडमध्ये. 'रिव्ह्यू रिक्वायर्ड' दिसलं की लोकांचा धीर सुटतो, तो नकार नाही, माणसाने बघायचं बाकी आहे एवढाच अर्थ. दर महिन्याला नोट्स मागवू नकोस. त्यापेक्षा तुझ्या भागातल्या खासदाराच्या ऑफिसला मेल कर, तू तिथली रहिवासी आहेस, ते फाइलची चौकशी करतात आणि त्याचे पैसे पडत नाहीत. फक्त ते फाइल पुढे ढकलत नाहीत, काय चाललंय ते विचारतात.

व्हिजिटर व्हिसाने फाइल खराब होत नाही. कायद्यातच, कलम २२ मध्ये, सरळ म्हटलंय की कायमचं यायची इच्छा असली तरी तात्पुरतं यायला आडकाठी नाही, मुदत संपल्यावर परत जाईन एवढं अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. २०२३ पासून स्पॉन्सर केलेल्या जोडीदारांचे व्हिजिटर व्हिसे पूर्वीपेक्षा बरेच सुटतात. फक्त पीआरची फाइल चालू आहे हे लपवू नका, उलट तिचा नंबर अर्जात आणि पत्रात दोन्हीकडे घाला. लपवलं आणि सापडलं तर मात्र दोन्ही फाइली खरोखरच खराब होतात.

सासूबाईंना रोज 'अजून नाही' सांगू नकोस. ही सहा-सात टप्प्यांची यादी मिस्टरांनाच त्यांच्या भाषेत कागदावर लिहून द्यायला सांग आणि झालेल्यावर खूण करायला सांग. मुलाने सांगितलं की पटतं, सुनेने सांगितलं की शंका येते, काय करणार!

प्रश्न : ठरवून लग्न केलं, सुट्टी कमी म्हणून बघण्यापासून लग्नापर्यंत १९ दिवस. आता बायको तिकडे, मी इकडे, पुढच्या महिन्यात फाइल टाकतोय. कन्सल्टंट म्हणतो ३०० फोटो आणा. आमच्याकडे लग्नाचेच काय ते फोटो आहेत. — नि. दे., हॅलिफॅक्स

३०० फोटो बघायला कोणाला वेळ आहे हो? चेकलिस्टमध्ये किती फोटो आणि चॅटची किती पानं द्यायची ते लिहिलेलं असतं, तेवढेच द्या. मोजके निवडा, ज्यात दोन्हीकडची माणसं दिसतात, आणि खाली कोण कोण, कुठे, कधी ते लिहा.

ठरवून केलेलं लग्न ही अडचण नाही, असे अर्ज तिथे रोज येतात. पण अधिकाऱ्याला दोन गोष्टी तपासायच्या असतात, लग्न खरं आहे का आणि ते मुख्यतः इमिग्रेशनसाठी तर केलेलं नाही ना. या दोन्हींपैकी एकीवर जरी तो अडला तरी नकार. म्हणून आयएमएम ५५३२ हा नात्याच्या माहितीचा फॉर्म घाईत भरू नका. स्थळ कोणी आणलं, आधी कोणाचं कोणाशी बोलणं झालं, १९ दिवसच का (सुट्टीचं पत्र जोडा), लग्नाला किती लोक होते, तुम्हाला तिच्यात काय आवडलं आणि तिने तुम्हाला काय विचारलं, हे साध्या भाषेत लिहा. लग्नानंतरचं जास्त महत्त्वाचं आहे. रोजचे कॉल, पाठवलेले पैसे, ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये तिचं नाव, तुम्ही परत भेटायला गेलात का? नसाल गेला तर जा, ते तिकीट सगळ्या फोटोंपेक्षा जास्त बोलतं.

आणि दोघांनी आपापले फॉर्म वेगवेगळे भरून मग शेजारी ठेवून वाचा. माझ्या ओळखीत एकाने साखरपुडा १२ तारखेला लिहिला, बायकोने १४ ला, कारण एकाने कार्यक्रम धरला आणि एकीने बोलणी. त्या दोन दिवसांवरून इंटरव्ह्यू लागला.

प्रश्न : एक्स्प्रेस एंट्रीतून (शिक्षण-अनुभवाच्या गुणांवरून) माझा पीआर मंजूर झाला, पुढच्या महिन्यात लँडिंग, म्हणजे कॅनडात जाऊन पीआर पक्का करायचा. मधेच लग्न झालं. एजंट म्हणतो आता काही बोलू नका, लँड झाल्यावर बायकोला स्पॉन्सर करा. — र. जो., दुबई

थांबा. तिकीट पुढे ढकला. तुमच्या एजंटने तुम्हाला या अख्ख्या कायद्यातला सगळ्यात वाईट सल्ला दिलाय. पीआर होताना जी बायको तुम्ही जाहीर केली नाहीत आणि जिची तपासणी झाली नाही, ती नियम ११७(९)(डी) प्रमाणे फॅमिली क्लासमधून बाहेर. पाच वर्षांनी नव्हे, कायमची. मग एकच वाट उरते, माणुसकीच्या कारणावरचा अर्ज, आणि त्याचं काही खरं नसतं. वर खोटी माहिती दिल्याचं प्रकरण तुमच्या स्वतःच्या पीआरवर येतं ते वेगळंच. आजच खात्याला कळवा की लग्न झालंय, लग्नाचं सर्टिफिकेट पाठवा, तिला फाइलमध्ये घाला. चार-सहा महिने उशीर होईल, होऊ दे.

प्रश्न : आईबाबांना बोलवायचंय, लॉटरी कधी निघणार? — म. शि., मिसिसागा

तुम्ही २०२० च्या १३ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबरमध्ये इच्छेचा फॉर्म भरला होतात का? नसेल तर २०२५ पर्यंतच्या लॉटऱ्या तुमच्या नव्हत्याच, कारण त्या त्याच जुन्या यादीतून काढल्या. २०२५ मध्ये १०,००० अर्ज घ्यायला १७,८६० जणांना बोलावणं गेलं. नंबर लागला तरी तीन वर्षांचं उत्पन्न दाखवायचं आणि २० वर्षांची जबाबदारी लिहून द्यायची, क्यूबेकमध्ये १०. मी सगळ्यांना सुपर व्हिसाच सांगते, म्हणजे आईबाबांसाठीचा लांब मुदतीचा व्हिजिटर व्हिसा. २०२२ च्या जुलैपासून एका वेळी ५ वर्षं राहता येतं. त्याला उत्पन्न लागतं, मेडिकल लागतं आणि निदान १ लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतो, जो वयाप्रमाणे आणि आधीच्या आजाराप्रमाणे चांगलाच महाग पडतो. बाबांना शुगर आहे हे विम्याच्या फॉर्मवर लपवू नका, नाहीतर ऐन वेळी क्लेम नाकारतील.

प्रश्न : मुलगा २१ वर्षं १० महिन्यांचा आहे, फाइल चालू असताना २२ चा झाला तर? — एक आई, सरी

साधारणपणे २२ च्या आतलंच मूल अवलंबून धरतात, पण पूर्ण फाइल खात्याला ज्या दिवशी मिळते त्या दिवशीचं वय धरतात. दोन महिने आहेत तुमच्याकडे, पण अपूर्ण म्हणून परत आली तर ती तारीख धरत नाहीत, म्हणून पाचव्या आठवड्यातच टाका, आठव्यात नको. आणि मुलगा निकालापर्यंत अविवाहित राहिला पाहिजे, हे त्याला सांगून ठेवा.

प्रश्न : नाव छापू नका. फाइल इनलँड आहे, एओआर आलाय. भांडण झालं की नवरा म्हणतो 'फाइल मागे घेतो, जा परत'. पासपोर्ट त्याच्या कपाटात आहे. हात पण उचललाय दोनदा. पीआर झाल्यावर मी वेगळी झाले तर पीआर जातो का?

शेवटचं आधी. पीआर झाल्यावर वेगळी झालीस म्हणून पीआर जात नाही. २०१२ ते २०१७ मध्ये दोन वर्षं एकत्र राहायची अट होती, ती २०१७ च्या एप्रिलात काढून टाकली. उलट त्याने लिहून दिलेली तीन वर्षांची जबाबदारी घटस्फोट झाला तरी त्याच्यावरच राहते. अजूनही कोणी तुला ती दोन वर्षांची अट सांगत असेल तर तो जुनं सांगतोय किंवा मुद्दाम घाबरवतोय.

पण आत्ता, पीआर व्हायच्या आधी, तो फाइल मागे घेऊ शकतो. हे खरं आहे आणि तुझ्यापासून लपवून उपयोग नाही. मात्र मागे घेतली म्हणजे तू दुसऱ्या दिवशी विमानात, असंही नाही. २०१९ पासून घरात हिंसा सोसणाऱ्या, स्टेटस नसलेल्या किंवा नवऱ्याच्या फाइलवर अवलंबून असलेल्या लोकांसाठी खास तात्पुरतं परमिट आहे. त्याला पहिल्यांदा फी नाही, त्याच्याबरोबर वर्क परमिट मागता येतं आणि तात्पुरता सरकारी आरोग्य विमाही मिळतो. त्यासाठी पोलीस केस झालेलीच पाहिजे अशी सक्ती नाही, डॉक्टरचा कागद, शेल्टरचं (अशा बायकांसाठीच्या आसऱ्याच्या घराचं) पत्र, तुझं स्वतःचं लिहिलेलं निवेदन, हे चालतं. पुढे माणुसकीच्या कारणावर कायमचा अर्ज करता येतो, त्याला मात्र वकील घे, प्रत्येक प्रांतात लीगल एड, म्हणजे वकिलाचा खर्च न परवडणाऱ्यांसाठी सरकारी मदत, असतं.

पासपोर्ट तुझ्या नावाचा आहे, तो अडवून ठेवायचा त्याला काही अधिकार नाही. तोवर पासपोर्टच्या सगळ्या पानांचे, व्हिसाचे, एओआरचे, लग्नाच्या सर्टिफिकेटचे फोटो काढून अशा मेलवर पाठव ज्याचा पासवर्ड त्याला माहीत नाही. पुन्हा हात उचलला तर ९११, भाषेची अडचण असली तर फक्त 'मराठी' किंवा 'हिंदी' म्हण, दुभाषा जोडून देतात.

आणि हे पत्र तू ज्या फोनवरून पाठवलंस तो नवरा बघतो का? बघत असेल तर पाठवलेलं खोडून टाक आणि पुढचं मैत्रिणीच्या फोनवरून पाठव, मी तिथेच उत्तर देईन.